घर साचतं तेव्हा नेमकं काय साचतं?

आठ दिवस केर काढला नाही, तर नवव्या दिवशी तो आठ वेळा काढावा लागत नाही. एकदाच काढावा लागतो. फार तर केरसुणी दोनदा फिरते, सुपलीत धूळ जरा जास्त येते. आठ दिवस धड स्वयंपाक झाला नाही, घरच्यांनी खिचडीवर, खानावळीच्या डब्यावर, शेजारणीने पाठवलेल्या आमटीवर भागवलं, तर राहिलेले सोळा स्वयंपाक पुढे कुणी करत बसत नाही. गाद्या-चादरी न आवरल्याचे दिवस मागाहून आवरता येत नाहीत आणि आवरावेही लागत नाहीत. घरकामाचा फार मोठा भाग असा आहे की तो राहिला, तर राहून जातो. कर्जासारखं त्याच्यावर व्याज चढत नाही.

तरीही आजारपणातून उठलेली, बाळंतपणातून सावरणारी, गावाकडचं लग्नकार्य उरकून परतलेली किंवा ऑफिसच्या मार्चअखेरीतून सुटलेली बाई स्वतःच्याच घरात उभी राहते आणि तिच्या छातीवर दडपण येतं. सगळंच राहिलंय, असं तिला वाटतं. कुठून धरावं ते कळत नाही, म्हणून ती काहीच धरत नाही. संध्याकाळ होते, आणि ती स्वतःला आळशी ठरवून मोकळी होते.

या दडपणावर सल्ले खूप मिळतात. रोज पंधरा मिनिटं आवरा, एका दिवसाला एकच खोली घ्या, वर्षभर न वापरलेलं काढून टाका. हे सल्ले निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. पंधरा मिनिटांत ओटा खरोखर स्वच्छ होतो. पण या सगळ्यांत एक गृहीत धरलेलं असतं, की बिघाड त्या बाईच्या सवयींत आहे. हे गृहीत मला मान्य नाही. साचलेल्या घरात नक्की काय साचलेलं असतं, याचा शांतपणे विचार केला तर बोट दुसरीकडेच जातं.

केर साचत नाही हे आपण पाहिलंच. भांडी आणि धुणं मात्र साचतात. काल न घासलेली पातेली आजच्या पातेल्यांत मिसळतात आणि दोन्ही घासावी लागतात. पण यालाही एक हद्द आहे. सिंकमधला ढीग कितीही अंगावर आला, तरी घरात आहेत त्यांहून जास्त भांडी त्यात असू शकत नाहीत. कपाट रिकामं झालं की धुण्याचा ढीग वाढायचा थांबतो. थकलेल्या माणसाला हे सांगायला हवं, कारण त्या क्षणी ढिगाला अंतच नाही असं वाटत असतं.

मग काही मोजकी कामं अशी असतात की ती थांबली तर वस्तू नासते. जुलैच्या झडीत ओले कपडे वळणीवरून तसेच गोळा करून ठेवले, तर त्यांना कुबट वास धरतो, मग काळे ठिपके पडतात आणि ते ठिपके जन्मभर जात नाहीत. मोरीची गळती भिंतीत उतरते. तुरीच्या डब्यात एक किडा दिसला की आठवड्यात शेजारचे डबेही गेलेले असतात. ओट्यामागच्या टाइल्सवर उडालेलं फोडणीचं तेल आज कोमट पाण्याने निघतं. दोन महिन्यांनी तेच सोडा लावून, नखं मोडेपर्यंत खरवडावं लागतं. म्हणून साचलेल्या घरात क्रम लावायचाच असेल तर तो नासण्यावरून लावावा: ओलं, खरकटं आणि गळकं आधी, भांडी-धुणं त्यानंतर, धूळ सगळ्यांत शेवटी. प्रत्यक्षात आपण उलटं करतो. आधी बाहेरची खोली आवरतो, सोफ्यावरचे कपडे आतल्या पलंगावर नेऊन टाकतो, टीपॉय पुसतो. कुणी आलं तर काय म्हणेल, या धास्तीने तो क्रम ठरलेला असतो. धूळ सहनशील असते, तिला थांबवता येतं. पण दिसते तीच, आणि लाज दिसण्याशी बांधलेली असते.

एवढं वेगळं काढल्यावर जे उरतं, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जेवणाच्या टेबलावर किंवा टीव्हीखालच्या कप्प्यात ते साठलेलं असतं. शाळेची सहलीची सूचना, तिच्यावर सही हवी. सासऱ्यांच्या तपासणीचा कागद, पुढची तारीख घ्यायची. कान तुटलेला कप, टाकावा की पेन ठेवायला घ्यावा. मुलाला आखूड झालेला सदरा, भाचीच्या मुलाला द्यायचा की अजून चार महिने वापरायचा. कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, आहेर किती करायचा. यांतल्या एकाही वस्तूला हात लावायला ताकद लागत नाही, पण प्रत्येक वस्तू प्रश्न विचारते. लादी पुसताना प्रश्न पडत नाहीत, म्हणून दमून-भागूनही लादी पुसता येते. या ढिगापाशी मात्र माणूस पाच मिनिटांत उठतो. घर साचतं तेव्हा मुख्यतः हे साचतं: लक्षात ठेवायच्या गोष्टी, ठरवायच्या गोष्टी, पाठपुरावा करायच्या गोष्टी. त्यांना वरची हद्द नाही. आणि बहुतेक घरांत त्या एकाच माणसाच्या डोक्यात असतात.

ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईने २०१९ मध्ये घरकामाच्या या न दिसणाऱ्या बाजूवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून तिने या कामाचे चार टप्पे पाडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. तिला असं दिसलं की निर्णयाच्या टप्प्यावर नवरा-बायको बऱ्यापैकी एकत्र असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बायकांकडे असतो. अभ्यास परक्या देशातला आहे, पण आपल्याकडच्या कुठल्याही घरात ते पडताळून पाहता येईल. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे दोघं मिळून ठरवतात. फॉर्म कधी निघतात, जन्मदाखल्याची प्रत कुठे आहे, गणवेश कुठल्या दुकानात मिळतो आणि तो आणायला शेवटची तारीख कोणती, हे एकीला माहीत असतं. निर्णयाला घरात मान आहे, म्हणून त्यात वाटा मागितला जातो. आधी आठवण्याला आणि मागाहून विचारण्याला मान नाही; उलट त्याला कटकट म्हणतात.

म्हणूनच घर साचलेलं असताना कुणी भल्या मनाने “सांग, काय करू?” असं विचारलं तरी तिला बरं वाटत नाही, आणि बरं का वाटत नाही याचं तिलाच वाईट वाटतं. त्या प्रश्नाने तिच्या ढिगात आणखी एका कामाची भर पडते. काय करायचं ते आधी तिने शोधायचं, सांगायचं, फडकं कुठलं ते दाखवायचं आणि झालं का ते बघायचं. हात वाढले, डोकं तेवढंच राहिलं. अशा वेळी बायका बहुधा “राहू दे, मीच करते” म्हणतात. तो हट्ट नसतो. समजावून सांगण्यापेक्षा स्वतः करणं त्या घडीला खरोखर स्वस्त पडतं.

आपल्या देशात घरकामाची मोजणी आता होऊ लागली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आहेत. त्यातही मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम २७, बायका ८१ हून जास्त. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांनी ती उचलली नाहीत. त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली. हे आकडे महत्त्वाचे आहेत आणि अजून कितीतरी वेळा सांगायला हवेत. मात्र ते हातांचे आकडे आहेत. पाहणी पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवते. डोंबिवलीहून लोकलने निघालेल्या बाईचा तास प्रवासात जमा होतो. त्या तासात तिने सिलिंडर लावायचा आठवला, आईच्या गोळ्या संपत आल्याचं लक्षात घेतलं, उद्या कडधान्य भिजवायचं ठरवलं, ते कुठल्या रकान्यात जाणार?

न्यायालयांनी या कामाची किंमत मान्य केली, ती मुख्यतः बाई गेल्यावर. १९८९ मध्ये जमशेदपूरच्या आगीत मरण पावलेल्यांच्या भरपाईचा लता वाधवा खटला २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. २०१० च्या आणखी एका अपघात-भरपाईच्या निकालात न्यायालयाने दाखवून दिलं की २००१ च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर बिनकामाच्या गटात बसवलं होतं. जानेवारी २०२१ च्या, भरपाईच्याच कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या पाहणीचे आकडे निकालपत्रातच घेतले, आणि गृहिणीची कामं सांगताना स्वयंपाक-साफसफाईबरोबर घराचं अंदाजपत्रक सांभाळण्याचाही उल्लेख केला. म्हणजे ती नसली की तिचं डोकंही हिशेबात येतं. ती असताना का येऊ नये?

इथे जुन्या दिवसांचा दाखला दिला जातो. एकत्र कुटुंबं होती, कामाला चार हात होते, म्हणून घरं साचत नव्हती, असं म्हणतात. चार हात होते हे खरं. ते कुणाचे होते आणि त्यांतली सगळ्यांत धाकटी सून किती वाजता उठत होती, हेही तितकंच खरं आहे, आणि ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मात्र ओळखून ठेवण्यासारखी आहे. आधी आठवण्याचं काम तिथे बऱ्याच अंशी पंचांगाकडे होतं. घट बसायच्या आधी गोधड्या, वाकळा, चादरी, सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, मग अख्ख्या गावातल्या बायका गाठोडी घेऊन नदीवर, ओढ्यावर जायच्या. आजही नवरात्राच्या आधी खेड्यांत धरणाच्या काठावर पसरलेल्या गोधड्या दिसतात. दिवाळीआधी जळमटं काढायची, माळ्यावरचं खाली घ्यायचं, पितळेला चिंच लावायची. उन्हाळ्यात धान्याला ऊन दाखवायचं, तांदळाला एरंडेल चोळायचं. या कामांनी पाठ मोडायची, पण आता करावं का, कुठून करावं, माझंच राहिलंय का, हे प्रश्न कुणा एकीला पडत नसत. सगळ्यांचं एकाच आठवड्यात राहिलेलं असे आणि एकाच आठवड्यात उरकत असे. आज पंचांगातले ते आठवडे तसेच आहेत. मात्र त्याच आठवड्यात सहामाही परीक्षा असते, ऑफिसात तिमाहीची घाई असते आणि सोबतीला नदीवर येणारं कुणी नसतं.

यंत्रांकडून आपण मोठी आशा केली होती. अमेरिकेतल्या गृहिणींच्या कामाच्या तासांचा जोआन वानेक यांनी १९७४ मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: नोकरी न करणारी गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती, आणि धुण्याची, पुसण्याची, थंड करण्याची सगळी यंत्रं येऊन गेल्यावर, १९६० च्या दशकात, सुमारे ५५ तास. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात यामागची कारणं उलगडली. यंत्राने एकेक खेप हलकी केली, पण खेपा वाढल्या, स्वच्छतेची पातळी वाढली, आणि पूर्वी धोबिणीकडे किंवा बाहेरच्या धुलाईकेंद्राकडे जाणारं काम घरात परत आलं. आपल्याकडेही हेच घडताना दिसतं. दोन दिवस चालणारा सदरा आता एका दिवसात मशीनमध्ये जातो. मी वॉशिंग मशीनला नावं ठेवणार नाही. हाताने चादरी पिळलेल्या कुठल्याही बाईचे खांदे मशीनच्या बाजूने साक्ष देतील. पण मशीनच्याच शेजारी पिठाची गिरणी ठेवून पाहावी.

जातं महाराष्ट्रातल्या घराघरांत पहाटे फिरत होतं. गी पॉटव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. इतकी गाणी रचली जाण्याइतका वेळ त्या दगडापाशी गेला होता. मग गावात गिरणी आली आणि दळण घरातून गेलं. कायमचं गेलं. रोज किती दळावं, जातं कधी टाकी लावून घ्यावं, याचा विचारही गेला. उरलं ते डबा पोचवणं, आणि तो डबा मुलगाही सायकलवरून नेऊ लागला. जे काम गावाने मिळून घराबाहेर नेलं, ते हातांतून आणि डोक्यातून दोन्हीकडून उतरलं. जे यंत्र घराच्या आत आलं, त्याने हात सोडवले, पण ते लावायचं कधी हे कुणाच्या तरी डोक्यात ठेवूनच.

म्हणून कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणताना ज्यांना अजून अपराधी वाटतं, त्यांनी ते मनातून काढावं. मुंबईचं गिरणगाव अशाच बाहेरच्या ताटांवर जेवलं. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या तिथल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. घरातल्या बिनमोल स्वयंपाकाला बाहेर भाव मिळतो, आणि तो भाव करणारीच्या हाती पडावा म्हणून संघटना लागते, हे त्या कामाने दाखवलं. पोळ्या विकत घ्याव्यात, घासाघीस न करता घ्याव्यात.

हीच गोष्ट मोलकरणींबाबत अधिक टोकदार होते. मध्यमवर्गीय घर साचतं तेव्हा पहिला उपाय म्हणून बाई ठेवली जाते. साचलेलं काम त्यामुळे नाहीसं होत नाही, पत्ता बदलतं. पाच घरची भांडी घासून ती संध्याकाळी वस्तीतल्या आपल्या खोलीत जाते, तिथे तिची भांडी असतात, आणि पाण्याची वेळ निघून गेलेली असते. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. राज्यात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला मात्र २००८ उजाडलं. २०२० च्या टाळेबंदीत गृहनिर्माण सोसायट्यांची फाटकं बंद झाली, तेव्हा कित्येक घरांना पहिल्यांदा कळलं की रोज किती भांडी पडतात. तेवढ्या महिन्यांत अनेक पुरुषांनी केर काढला, भांडी घासली, आणि चांगली घासली. हातांना ते येत नव्हतं असं कधीच नव्हतं. फाटकं उघडल्यावर बहुतेक घरांत ते जसं आलं तसं गेलं, कारण त्या महिन्यांतही सकाळी उठून आज काय-काय आहे ते सांगणारी घरची बाईच होती.

त्यामुळे साचलेल्या घरातून वर यायचं असेल, तर मी रविवारच्या सफाई मोहिमेवर भरवसा ठेवणार नाही. मोहीम ढीग उपसते, आणि पंधरा दिवसांत तो पुन्हा तिथेच असतो. कामं वाटायची तर ती अख्खी वाटावीत, पहिल्या टप्प्यापासून चौथ्यापर्यंत. धुणं ज्याच्याकडे, त्याच्याकडे साबण संपत आलाय हे दिसणंही. पाऊस लांबणार म्हणून चादरी आजच काढाव्यात हे सुचणंही. इस्त्रीवाल्याकडे गेलेल्या कपड्यांची मोजणीही. आई-वडिलांची औषधं ज्याच्याकडे, त्याने तारीखही घ्यावी, रजाही टाकावी आणि रिपोर्टही आणावा. औषधांच्या पट्टीत किती गोळ्या उरल्या हे दुसऱ्या कुणाला माहीत असायची गरज पडू नये. कुणाकडे कुठलं काम, हे दोघांच्या पगारावर किंवा उंबऱ्याबाहेर कोण जास्त तास असतं यावर काही अंशी ठरेल, ते ठरू द्यावं. एकटं राहणाऱ्या माणसाला वाटायला कुणी नसतं. त्याने ठरवायच्या गोष्टींची संख्या कमी करावी, आठवड्याचे वार लावून टाकावेत, आणि ज्याच्याशी मन मोकळं आहे अशा कुणाला तरी त्या कागदांच्या ढिगापाशी तासभर बसवून घ्यावं. लादी एकट्याने पुसता येते, निर्णय दुसऱ्याशी बोलता-बोलता पटापट होतात.

यात बायकांना अवघड जाणारा एक भाग आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काम अख्खं दिलं, तर त्याची पातळीही द्यावी लागते. टॉवेलची घडी वेगळी पडेल. डबे वेगळ्या ओळीत लागतील. मागाहून जाऊन ती घडी मोडून नीट घालायची नाही, कारण एकदा घातली की काम परत आपल्या डोक्यात येऊन बसतं. पुरुषांना अवघड जाणारा भाग निराळा आहे: विसरल्याचा परिणाम अंगावर घ्यायचा, आणि तो घेताना “तू आठवण का केली नाहीस?” असं विचारायचं नाही.

मुलांपासून हे सुरू करणं सगळ्यांत सोपं. बारा वर्षांच्या मुलाला मशीन लावता येतं, दांडीवर कपडे वाळत घालता येतात, आणि पीटीचा तास कुठल्या वारी आहे हे त्याला आईपेक्षा चांगलं माहीत असतं. त्याच्या गणवेशाचं खातं त्याच्याकडे द्यावं. एखाद्या गुरुवारी पांढरी पँट धुतलेली नसेल आणि शाळेत त्याला ओरडा बसेल. बुधवारी रात्री तो ओरडा आधीच ओळखून, उठून, ती पँट कुणीही धुवायची नाही, एवढं मात्र घरातल्या सगळ्या मोठ्यांनी मिळून ठरवावं लागेल. आजीनेसुद्धा.